यादी आपली, गाणी भाड्याची

सांगलीतील एका घरात रोज सकाळी सहा वाजता गाणी सुरू होतात. पूर्वी ती रेडिओवर लागत, पुढे कॅसेटवर, त्यानंतर सीडीवर आणि गेली काही वर्षे मोबाइलमधील एका संगीत-सेवेवर. घरातील आण्णा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. आक्का माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत असत. आण्णांना जाऊन आता दीड वर्ष झाले. आजारपणाच्या अखेरच्या दोन वर्षांत त्यांनी आपल्या मोबाइलवर गाण्यांची एक यादी तयार केली होती. तिला त्यांनी साधेच नाव दिले होते, ‘रोजची’. तीत २१४ गाणी होती. नाट्यपदे, भावगीते, अभंग, गीतरामायणातील काही गीते, जुनी हिंदी चित्रपटगीते आणि शेवटी दोन-तीन स्तवने. आण्णांच्या पश्चातही आक्कांचा दिवस त्याच यादीने उजाडत होता.

दिवाळीच्या सुमारास त्या मोबाइलवर कंपनीचा एक संदेश आला. ठरावीक तारखेनंतर ही सेवा बंद होईल, ग्राहकांनी आपली माहिती त्यापूर्वी उतरवून घ्यावी, असा त्याचा आशय होता. रोज येणाऱ्या जाहिरातींच्या गर्दीत तो न वाचताच राहिला. पुण्याहून सून दिवाळीसाठी आली, तेव्हा तो तिच्या दृष्टीस पडला. मुदत संपण्यास नऊ दिवस उरले होते.

“आक्का, काळजी करू नका. आपण दुसरे ॲप घेऊ. हीच गाणी तिथेही मिळतात,” सून म्हणाली.

“गाणी मिळतील गं. पण यांनी लावलेला क्रम तिथे मिळेल का?”

सुनेपाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आज बहुतेक घरांपाशी ते नसते. बँकेतील ठेवी, विम्याची कागदपत्रे, घराचा सातबारा यांची काळजी आपण घेतो. परंतु मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे साठत गेलेल्या आवडीनिवडीचीही कधी आवराआवर करावी लागेल, हे आपल्या ध्यानी येत नाही.

आपल्या मालकीचे नेमके काय?

कॅसेट किंवा सीडी विकत आणली की ती वस्तू घरची होत असे. दुकान उठले, कंपनी बुडाली, तरी कपाटातील कॅसेट वाजत राही. स्ट्रीमिंग सेवेतील व्यवहाराचे स्वरूप निराळे आहे. ग्राहक दरमहा किंवा दरवर्षी जी वर्गणी भरतो, ती गाणे ऐकण्याच्या परवानगीची असते. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले गाणेही याला अपवाद नाही. ते फोनमध्ये साठविले जाते खरे, पण कुलूपबंद स्वरूपात. आणि कुलपाची किल्ली कंपनीकडे राहते. वर्गणी थांबली किंवा सेवा बंद झाली की ते गाणे फोनमध्ये असूनही वाजत नाही.

यादीचे मात्र तसे नाही. कोणते गाणे घ्यायचे, कोणत्या गाण्यामागून कोणते लावायचे, कोणत्या गाण्यापुढे हृदयाची खूण करायची, हे सारे ग्राहकाने स्वतः केलेले काम असते. गाणी भाड्याची असली तरी यादी आपली असते. बँकेत खाते बंद करणारा ग्राहक तिजोरी उचलून नेत नाही, पण आजवरच्या व्यवहारांचा खातेउतारा मागून घेतो. यादीची निर्यात म्हणजे असाच खातेउतारा होय. त्यात प्रत्यक्ष गाणे येत नाही. गाण्याचे नाव, गायकाचे नाव, अल्बमचे नाव, गाण्यांचा क्रम आणि अनेक ठिकाणी ते गाणे यादीत कधी घेतले त्याची नोंद येते. एवढे हाती असले की दुसऱ्या कोणत्याही सेवेत, किंवा उद्या एखाद्या अगदी नव्या साधनावर, ती यादी पुन्हा उभी करता येते.

सेवा बंद पडतात

संगीत-सेवा बंद होणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. भारतातील ‘धिंगाणा’ ही सेवा २०१४ मध्ये विकत घेणारी ‘आरडिओ’ ही अमेरिकी कंपनी स्वतःच पुढच्या वर्षी दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये तिची सेवा थांबली. मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘ग्रूव्ह’मधील स्ट्रीमिंग २०१७ च्या अखेरीस बंद केले आणि ग्राहकांना आपल्या याद्या ‘स्पॉटिफाय’कडे नेण्याची सोय करून दिली. ‘गूगल प्ले म्युझिक’ २०२० च्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने बंद झाले. त्यातील याद्या ‘यूट्यूब म्युझिक’कडे वळविण्यासाठी मुदत देण्यात आली आणि २४ फेब्रुवारी २०२१ पासून जुनी माहिती कायमची पुसण्यात येईल, असे कळविण्यात आले. भारतात ‘रेसो’ ३१ जानेवारी २०२४ रोजी थांबली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एअरटेलची ‘विंक म्युझिक’ बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला.

वरील उदाहरणांत निदान पूर्वसूचना तरी होती. ‘मायस्पेस’ या संकेतस्थळाच्या बाबतीत तीही नव्हती. माहिती एका यंत्रणेवरून दुसरीवर हलविताना २००३ ते २०१५ या १२ वर्षांत लोकांनी चढविलेले संगीत नाहीसे झाले आणि ती गोष्ट २०१९ मध्ये सर्वांसमोर आली. मोठी कंपनी म्हणजे कायमची सुरक्षितता, हे समीकरण बँकिंगप्रमाणे येथेही खरे ठरत नाही. बँकेतील ठेवीला निदान विम्याचे संरक्षण असते. यादीला कोणताही विमा नाही.

सेवा चालू असली तरी गाणी जागेवर राहतीलच असे नाही. प्रत्येक सेवेला ध्वनिमुद्रण-कंपन्यांशी परवान्याचे करार करावे लागतात. एचएमव्हीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा वारसा ज्या सारेगामा कंपनीकडे आहे, तिच्याशी स्पॉटिफायचा करार जून २०२० मध्ये झाला. ती सेवा भारतात आली होती फेब्रुवारी २०१९ मध्ये. असे करार जुळतात, संपतात, पुन्हा होतात. करार संपला की यादीतील गाणे फिकट अक्षरांत दिसू लागते किंवा यादीतून निघूनच जाते. तेथे पूर्वी कोणते गाणे होते, हे काही महिन्यांनी आपल्यालाही आठवत नाही. म्हणून उतारा घेणे हे केवळ सेवा बदलतानाचे काम नव्हे. वर्षातून एकदा ते सहज व्हावे.

उतारा कसा मागावा?

यासाठी मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मूळ कंपनीकडूनच माहिती मागण्याचा. स्पॉटिफायच्या संकेतस्थळावर आपल्या खात्याच्या गोपनीयतेविषयीच्या पानावर ही सोय आहे. मागणी नोंदविल्यावर काही दिवसांनी ई-मेलने लिंक येते. सुरुवातीपासूनच्या ऐकण्याचा संपूर्ण इतिहास हवा असल्यास अधिक काळ, ३० दिवसांपर्यंत, लागू शकतो. यूट्यूब म्युझिकची माहिती ‘गूगल टेकआउट’ या सेवेतून मिळते आणि ॲपलची त्या कंपनीच्या गोपनीयता-विषयक संकेतस्थळावरून. ही लिंक मर्यादित काळच चालते, हे विसरू नये. ई-मेल आल्यावर ‘पाहू नंतर’ म्हणून ठेवून दिल्यास मागणी पुन्हा नोंदवावी लागते.

मिळालेल्या फाइली बहुधा ‘सीएसव्ही’ किंवा ‘जेसन’ या स्वरूपात असतात. नावे अपरिचित वाटली तरी घाबरण्याचे कारण नाही. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेले साधे तक्ते. ते एक्सेलमध्ये उघडतात. जेसन फाइल संगणकातील साध्या नोटपॅडमध्येही वाचता येते, फक्त तिची मांडणी प्रथमदर्शनी विस्कळीत वाटते. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. टेकआउटमधून येणाऱ्या यूट्यूबच्या याद्यांत गाण्याच्या नावाऐवजी केवळ त्या व्हिडिओचा ११ अक्षरी संकेत आणि तो यादीत घेतल्याची वेळ असू शकते. तो व्हिडिओ पुढे काढून टाकला गेला, तर नुसत्या संकेतावरून गाणे ओळखणे कठीण. अशा वेळी नावे वेगळी टिपून ठेवणे शहाणपणाचे.

दुसरा मार्ग थेट हस्तांतराचा. ॲपल म्युझिकमधील स्वतः तयार केलेल्या याद्यांची प्रत यूट्यूब म्युझिककडे पाठविण्याची सोय या दोन कंपन्यांनी २०२४ मध्ये सुरू केली. पाठविलेली यादी मूळ ठिकाणी तशीच राहते. अशा सोयी अद्याप मोजक्या सेवांपुरत्याच आहेत.

तिसरा मार्ग मध्यस्थांचा. ‘साउंडीझ’, ‘ट्यून माय म्युझिक’ यांसारख्या सेवा एका ठिकाणची यादी वाचून दुसऱ्या ठिकाणी तशीच उभी करतात आणि तिची फाइलही काढून देतात. ठरावीक मर्यादेपर्यंत काम विनामूल्य होते, त्यापुढे शुल्क पडते. येथे थोडी सावधगिरी हवी. मध्यस्थ आपल्याला मूळ सेवेच्याच लॉगिन पानावर नेतो आणि तेथे आपण त्याला यादी वाचण्याची परवानगी देतो. ही रीत योग्य. मध्यस्थाच्या स्वतःच्या पानावर मूळ सेवेचा पासवर्ड मागितला जात असेल, किंवा कोणी फोन करून ओटीपी विचारीत असेल, तर तेथेच थांबावे. काम झाल्यावर मूळ खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन दिलेली परवानगी काढून घ्यावी. घर रंगविणाऱ्याला दिलेली किल्ली काम संपल्यावर आपण परत घेतोच.

यांपैकी काहीच जमत नसेल, तर चौथा, सर्वांत जुना मार्ग उरतो. यादी पडद्यावर उघडावी, स्क्रीनशॉट घेत जावे आणि वहीत नावे उतरवावीत. दोनशे गाण्यांना एक दुपार लागते. ती दुपार वाया जात नाही.

सांगलीच्या घरात सुनेने पहिला मार्ग धरला. बंद होणाऱ्या कंपनीने फाइल देण्याची सोय ठेवली होती. मागणी नोंदविल्याच्या तिसऱ्या दिवशी ती हाती आली. त्यानंतर एका मध्यस्थ सेवेमार्फत नव्या ॲपमध्ये यादी उभी करण्यात आली. काम पुरे व्हायला पाच मिनिटेही लागली नाहीत. पडद्यावर ‘यशस्वी’ असा शब्द उमटला. सुनेने सुटकेचा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आक्कांनी यादी लावली. तिसऱ्याच गाण्याला त्या म्हणाल्या, “हा आवाज तो नाही.”

जुळणीतील घोटाळे

आक्कांचे म्हणणे बरोबर होते. असे का घडते, हे समजून घेण्याजोगे आहे.

एका सेवेतील गाणे दुसऱ्या सेवेत शोधण्यासाठी संगणकाला काही खूण लागते. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे ‘आयएसआरसी’ हा आंतरराष्ट्रीय ध्वनिमुद्रण क्रमांक. १९८६ पासून प्रमाणित झालेला हा संकेत १२ अक्षरांचा असतो. बँकेच्या शाखेला जसा ११ अक्षरांचा आयएफएससी संकेत, तसा प्रत्येक ध्वनिमुद्रणाला हा. येथे ‘ध्वनिमुद्रण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. संकेत गीताला नसून त्याच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाला दिलेला असतो. तेच गीत दोघांनी गायिले, किंवा एकाच गायकाने ते स्टुडिओत व मैफलीत वेगवेगळे गायिले, तर संकेतही वेगवेगळे.

हा संकेत दोन्हीकडे उपलब्ध असेल तर जुळणी अचूक होते. तो नसेल, तर संगणक नावांवरून अंदाज बांधतो. आणि मराठी गाण्यांची खरी अडचण येथे सुरू होते. एकच शीर्षक कोठे देवनागरीत, कोठे रोमन लिपीत आणि रोमनमध्येही चार प्रकारे लिहिलेले असते. गायकाच्या रकान्यात कोठे गायक, कोठे संगीतकार, तर कोठे नाटकाचे नाव घातलेले आढळते. एकच नाट्यपद तीन पिढ्यांतील गायकांनी गायिलेले असते. गीतरामायणाचे उदाहरण घ्यावे. ग. दि. माडगूळकर यांची ही ५६ गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायिली होती. पुढे सुधीर फडके यांनी ती सर्व स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. त्यानंतरही अनेकांनी ती गायिली. संगणकाला शीर्षक जुळल्याचे समाधान असते. ऐकणाऱ्याचे समाधान त्याने होत नाही.

म्हणून ‘यशस्वी’ हा शब्द वाचून थांबू नये. बँकेत दिवसाचे व्यवहार संपले तरी जमा-खर्च जुळविल्याखेरीज कोणी घरी जात नाही. येथेही तीन आकडे काढावेत. मूळ यादीत गाणी किती, नव्या यादीत किती आली, आणि आलेल्यांपैकी चुकीची किती.

आक्का आणि सून यांनी दिवाळीच्या सुटीतील दोन दुपारी या कामाला दिल्या. सून मूळ यादीतील नाव वाची, नव्या ॲपमध्ये गाणे लावी आणि आक्का पहिल्या ओळीतच ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगत. १८७ गाणी बरोबर निघाली. १६ गाणी दुसऱ्याच आवाजात किंवा दुसऱ्या मैफलीतील होती. त्यांतील १२ शोधून बदलता आली. ११ गाणी मिळालीच नाहीत. त्यांची नावे एका कागदावर लिहून ठेवण्यात आली. त्यांपैकी ४ गाणी माळ्यावरील कॅसेटच्या पेटीत असल्याचे आक्कांना आठवले.

तारखेचा रकाना

हे काम चालू असताना सुनेने कंपनीकडून आलेली फाइल एक्सेलमध्ये उघडून ठेवली होती. गाणे, गायक, अल्बम यांच्यापुढे चौथा एक रकाना होता. गाणे यादीत केव्हा घेतले, त्याची तारीख आणि वेळ. नव्या ॲपमध्ये पाहिले तर सर्व गाण्यांपुढे एकच तारीख दिसत होती, ती हस्तांतर केल्याच्या दिवसाची. बहुतेक हस्तांतरांत असेच होते. गाणी जातात, क्रमही जातो. पण मूळ नोंदीची तारीख जात नाही.

जुन्या फाइलीतील वेळा सुनेला प्रथम विचित्र वाटल्या. कोठे २०.५५, कोठे २१.४०, कोठे २२.१०. आण्णा तर रात्री साडेआठलाच झोपत. मग तिच्या लक्षात आले, की अशा फाइलींतील वेळ पुष्कळदा ग्रीनिचच्या प्रमाणवेळेनुसार नोंदलेली असते. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. तिने एक्सेलमध्ये साडेपाच तास मिळविले. २०.५५ चे पहाटे २.२५ झाले, २१.४० चे ३.१० आणि २२.१० चे ३.४०.

अखेरच्या आठ महिन्यांतील बहुतेक गाणी आण्णांनी पहाटे दोन ते चार या वेळात यादीत घेतलेली होती.

“यांना रोज सकाळी विचारायची मी,” आक्का थोड्या वेळाने म्हणाल्या. “झोप लागली का? तर म्हणायचे, छान लागली.”

सुनेने फाइल बंद करण्यासाठी हात पुढे केला. आक्कांनी तिला थांबविले. “हा रकाना राहू दे. छापून दे मला. पण यांच्या मूळ क्रमानेच छाप, तारखेप्रमाणे लावू नकोस.”

हस्तांतर पूर्ण झाले की जुनी फाइल निरुपयोगी झाली, असे अनेकांना वाटते आणि ती पुसून टाकली जाते. तसे करू नये. नव्या घरी सामान पोहोचले म्हणून जुन्या घराचे कागद आपण फाडीत नाही. हस्तांतरात जे येत नाही, ते मूळ उताऱ्यातच शिल्लक असते. ती फाइल संगणकावर एक आणि पेनड्राइव्हवर एक अशा दोन प्रतींत ठेवावी, आणि शक्य तर कागदावर छापून घ्यावी. कागद वाचण्यासाठी कोणत्याही ॲपची गरज पडत नाही.

क्रमांक, वारस आणि कायदा

या प्रकरणात आणखी एक धोका थोडक्यात टळला होता. आण्णांचे संगीत-खाते त्यांच्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेले होते. त्यांच्या निधनानंतर तो क्रमांक बंद करावा, असे मुलाने दोनदा सुचविले होते. केवळ आळसाने ते राहून गेले. क्रमांक बंद झाला असता, तर ओटीपी कोठे येणार? बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे ओटीपी येईलही, पण परक्या माणसाच्या फोनवर. घरातील कोणाचा क्रमांक बंद करण्यापूर्वी त्याला कोणकोणती खाती जोडलेली आहेत, हे पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते. बँक आणि गॅस यांच्या यादीत संगीत, छायाचित्रे आणि ई-मेल यांचीही नोंद असावी.

कायद्याची बाजू कशी आहे? युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमावलीच्या २० व्या अनुच्छेदाने नागरिकाला आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा सर्वसामान्य स्वरूपात मागण्याचा आणि दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क दिला आहे. आज मोठ्या कंपन्यांनी माहिती उतरवून घेण्याच्या ज्या सोयी ठेवल्या आहेत, त्यांना अशा कायद्यांचे बळ आहे. भारतात मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाला. वैयक्तिक माहितीच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. २०१९ च्या विधेयकात माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ च्या ‘डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण’ कायद्यात तो आलेला नाही. या कायद्यात आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून टाकण्यास सांगण्याचा आणि तक्रार करण्याचा हक्क आहे. शिवाय १४ वे कलम विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्या मृत्यूनंतर किंवा असमर्थतेत हे हक्क कोणी वापरावेत, यासाठी व्यक्तीचे नामनिर्देशन करण्याची तरतूद त्यात आहे. ठेवीच्या अर्जावर नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नये, हे आता बहुतेकांना पटले आहे. हाच विचार डिजिटल खात्यांच्या बाबतीतही रुजायला हवा.

कायद्याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. पुढील कामे कोणत्याही घरात एका रविवारी होऊ शकतात. घरातील कोणाच्या याद्या कोणत्या सेवेत आहेत, हे एका वहीत लिहावे. प्रत्येक खाते कोणत्या क्रमांकाशी व ई-मेलशी जोडलेले आहे, तेही नोंदवावे. याद्यांचा उतारा मागवावा आणि दोन ठिकाणी ठेवावा. सेवा बदलली असेल तर तीन आकडे जुळवून पाहावेत. मध्यस्थाची परवानगी काढून घ्यावी. जुने खाते ही सर्व पडताळणी होईपर्यंत बंद करू नये. दर वर्षी एक ठरावीक दिवस यासाठी राखून ठेवावा. दिवाळीपूर्वीची साफसफाई त्यासाठी सोयीची.

आणि घरात वडीलधारी माणसे असतील, तर हे काम त्यांच्याशेजारी बसून करावे. कोणता आवाज बरोबर आणि कोणता चुकीचा, हे ठरविणारे कान त्यांचेच असतात.

सांगलीच्या त्या घरातील जुनी सेवा ठरल्या दिवशी बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता नव्या ॲपवर ‘रोजची’ सुरू झाली, ११ गाणी कमी. आण्णांची यादी सहा पानांवर छापून आक्कांनी ती घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावली आहे. न मिळालेल्या गाण्यांच्या नावांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. माळ्यावरील चार कॅसेट खाली आल्या असून, त्या वाजविण्याजोगा टेपरेकॉर्डर आता मुलगा पुण्यात शोधीत आहे.